दगडाखालचा हात

बारावीचा निकाल लागला, नीट आणि सीईटीचे गुण हाती आले की आमच्या सांगलीत महिना-दोन महिने दुसरा विषय नसतो. आमराईत सकाळी फिरायला येणारे पेन्शनर, मार्केट यार्डातले हळदीचे अडते, विश्रामबागेतल्या अपार्टमेंटच्या जिन्यात भेटणाऱ्या गृहिणी, मिरजेत दवाखान्यांबाहेर रिक्षा लावून बसलेले रिक्षावाले, सगळ्यांचे बोलणे फिरून फिरून तिथेच येते. कुणाच्या मुलीला कुठे मिळाले, कुणाचे दोन गुणांनी हुकले, कुणी सोलापूर सोडून पुणे धरले. लग्न जमवताना होत नाही एवढी चौकशी कॉलेज निवडताना होते. ती व्हायलाही हवी. मध्यमवर्गीय कुटुंबात घराच्या खालोखाल मोठा खर्च आता हाच आहे.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे समोरचा माणूस काय विचारतो याइतकेच तो काय विचारत नाही, याकडेही माझे लक्ष जाते. लोक विचारतात ते साधारण असे. पहिला प्रश्न पॅकेजचा. शिकून बाहेर पडल्यावर मुलाला किती लाखांची नोकरी लागते? दुसरा वसतिगृहाचा आणि तिथल्या जेवणाचा. तिसरा, तिथे ‘आपलं’ कोण आहे? हा ‘आपलं’ शब्द गावापासून जातीपर्यंत हवा तसा ताणता येतो. चौथा सुरक्षिततेचा. पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. मुलीची आई विचारते, होस्टेलपासून बसथांबा किती लांब, रात्री रस्त्यावर दिवे असतात का. आणि अगदी शेवटी, आवाज खाली आणून, पाचवा प्रश्न येतो: ‘वरचे किती?’

या यादीत एक प्रश्न मी कधी ऐकलेला नाही. हे कॉलेज कायदा पाळते का? एकदा मीच तो विचारून पाहिला, तर एक अडते हसून म्हणाले, ‘साहेब, असं कॉलेज असंल तर मला सांगा. तिथं ॲडमिशन मिळवायला मी डोनेशन द्यायला तयार आहे!’ सगळे हसले, मीही हसलो. पण त्या विनोदात आपल्या उच्चशिक्षणाची सारी कथा आली आहे.

आपल्या मनात गुन्हा म्हणजे कॉलेजच्या फाटकाबाहेरची गोष्ट. कोयता, छेडछाड, अमली पदार्थ, रात्रीचा अंधारा रस्ता. फाटकाच्या आत जे बेकायदा चालते त्याला आपण गुन्हा म्हणत नाही. त्याला ‘खर्च’ म्हणतो, ‘पद्धत’ म्हणतो, ‘होस्टेल लाइफ’ म्हणतो. मला आज सांगायचे आहे ते एवढेच, की फाटकात शिरताना आपण स्वतःच कायदा मोडला, तर आत गेल्यावर त्याच कायद्याला हाक मारण्याचे बळ आपल्यात उरत नाही. देणगीने आपली पुंजी जाते हे सगळे जाणतात. तिच्याबरोबर तक्रार करण्याचा अधिकारही जातो, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

याला इतिहास आहे, आणि आम्हा सांगलीकरांना तो जवळचा आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडून दिले. त्याआधी आपली मुले देणगी भरून कर्नाटकात जात. पैसा बाहेर जातो, मुलेही बाहेर जातात, मग ही सोय आपल्याच राज्यात का नको, हा युक्तिवाद त्या वेळी बिनतोड वाटला. त्या धोरणाने काहीच भले झाले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९४७ साली सुरू झालेल्या आमच्या वालचंद कॉलेजात ज्यांना जागा मिळाली नसती, अशी शेतकऱ्यांची आणि कारकुनांची कितीतरी मुले पुढे इंजिनिअर झाली. परंतु सरकार अनुदान देणार नाही, शुल्कावर मात्र मर्यादा राहील, अशा व्यवस्थेत मधली पोकळी कशाने भरणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नव्हता. 

ती कशाने भरली हे चार वर्षांत सरकारलाच कळले. १९८७ साली महाराष्ट्राने कॅपिटेशन फीला, म्हणजे आपल्या भाषेतल्या डोनेशनला, बंदी करणारा कायदा केला. ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त घेतलेली कोणतीही रक्कम, तिला नाव काहीही द्या, रोख घ्या वा वस्तुरूपाने घ्या, ती कॅपिटेशन फी. घेणाऱ्याला मूळ कायद्याप्रमाणे कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय पाच हजार रुपयांपर्यंत दंड. पुढे सर्वोच्च न्यायालयात हा विषय पुन्हा पुन्हा गेला. १९९२ साली मोहिनी जैन या मीरतच्या मुलीच्या खटल्यात न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात मोफत आणि सशुल्क जागांची वाटणी करून दिली. २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती वाटणी मोडली आणि संस्थांना वाजवी शिल्लक ठेवायला मुभा दिली. २००५ साली इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सात न्यायमूर्तींनी निकाल दिला. शुल्क कुणी ठरवायचे, जागा कुणी भरायच्या, याबद्दल न्यायालयाची भूमिका बदलत गेली. पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही, हे सूत्र प्रत्येक निकालात कायम राहिले. २०१५ साली राज्याने नवा कायदा करून प्रवेश नियामक आणि शुल्क नियामक अशी दोन प्राधिकरणे नेमली. तेव्हा कायदा नाही, अशी तक्रार करायला जागा नाही. कायदे पुरेसे आहेत. त्यांना साक्षीदार मिळत नाही.

साक्षीदार का मिळत नाही, हे बँकेच्या काउंटरमागून जेवढे स्पष्ट दिसते तेवढे दुसरीकडून क्वचित दिसत असेल. मे-जून महिन्यांत शाखेत एक ठरावीक वर्दळ असे. मुदतठेवी मुदतीआधी मोडल्या जात. सोनेतारणासाठी पाटल्या आणि गोफ काउंटरवर येत. वजन करताना घरची बाई दुसरीकडे पाहत असे. त्याच सुमारास त्याच कुटुंबाचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज येई. ही कर्जे २००१ सालच्या आदर्श योजनेनंतर सर्रास मिळू लागली. अर्जासोबत कॉलेजचे पत्र असे: शिक्षण शुल्क इतके, ग्रंथालय इतके, वसतिगृह इतके. बँक ती रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात भरी. सगळे नियमात, सगळ्याची पावती. पण ठेव मोडून काढलेली रोकड त्या पत्रात कुठेच नसे. बापाच्या आयुष्याचा मोठा हिस्सा कागदावर न उमटता एका पिशवीतून निघून जाई. २०१७ च्या एप्रिलपासून आयकर कायद्याने एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम स्वीकारायला बंदी घातली. त्याने पिशवीचा आकार लहान झाला असेल, फेऱ्या वाढल्या असतील. पिशवी गेली, असे म्हणायला माझे मन धजत नाही.

तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार आमचे खातेदार होते. मुलाला मेडिकलची जागा मिळवून देतो म्हणणाऱ्या एका मध्यस्थाला त्यांनी रोख रक्कम दिली. जागा मिळाली नाही. मध्यस्थ काही दिवस फोनवर भेटत राहिला, नंतर फोनही बंद झाला. मी म्हटले, पोलिसांत जा. ते म्हणाले, ‘जाऊन काय सांगू साहेब? कशासाठी दिलंस म्हणून विचारतील की!’ त्यांना कायद्याचे पुस्तक माहीत नव्हते, पण कायदा बरोबर कळला होता. ज्या कराराचा हेतूच बेकायदा असतो तो करार रद्दबातल, असे १८७२ च्या करार कायद्याचे तेविसावे कलम सांगते. बँकेच्या परीक्षांसाठी आम्ही ते पाठ करत असू. चोरट्या व्यवहारात फसलेल्या माणसाला न्यायालयाच्या दारात उभे राहणेही अवघड जाते. 

पण माझ्या मते त्यांच्याहून अवघड स्थिती, पैसे देऊन ज्यांना जागा मिळाली त्यांची. फसलेल्याचे पैसे गेले, प्रकरण संपले. ज्याला जागा मिळाली त्याचा हात साडेपाच वर्षे दगडाखाली असतो. दुसऱ्या वर्षी शुल्काच्या पावतीत एखादा अनोळखी रकाना वाढला, तो गप्प. शिकवायला प्राध्यापक नाहीत, तो गप्प. तपासणीच्या दिवशी तेवढे प्राध्यापक दिसतात, तरी तो गप्प. तपासणी तरी कशी होते? २०२५ च्या जूनअखेर सीबीआयने वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासणीतल्या लाचखोरीच्या आरोपावरून अधिकारी, तपासनीस आणि संस्थांशी संबंधित लोकांवर गुन्हा नोंदवला. आरोप सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होतील. पण वरचा तपासनीस तपासेल आणि खालचे आपण निश्चिंत राहू, अशी सोय राहिलेली नाही, एवढे तर त्यातून दिसलेच. त्यातच मुलाची मूळ प्रमाणपत्रे कॉलेजच्या कपाटात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली मूळ कागदपत्रे अडकवून ठेवायला स्पष्ट मनाई केली. ही मनाई किती पालकांना ठाऊक आहे, हे एकदा आपल्या गल्लीत विचारून पाहावे.

आता रॅगिंगकडे पाहू. या विषयावर आमच्याकडची मते ऐकण्यासारखी असतात. ‘थोडंफार चालायचंच.’ ‘त्यानं मुलगा धीट होतो.’ ‘आमच्या वेळी तर याहून असायचं.’ हे बोलणारे लोक दुष्ट नाहीत. पोटच्या मुलाला कुणी चापट मारली तरी त्यांचा जीव कासावीस होईल. पण कायदा काय म्हणतो हे त्यांनी वाचलेले नसते. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. मारहाण तर सोडाच, एखाद्या विद्यार्थ्याला भीती वा लाज वाटेल असे वागणे, चिडवणे, शिवीगाळ, जे तो आपणहून करणार नाही ते करायला लावणे, हे सगळे त्यात गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजातून काढून टाकायचे आणि पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही संस्थेने प्रवेश द्यायचा नाही.

या कायद्यातली दोन कलमे प्रत्येक पालकाने पाठ करावीत. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत प्राचार्याने चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य दिसले तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचे आणि तक्रार तत्काळ पोलिसांकडे पाठवायची. हे एक. आणि प्राचार्याने यात कुचराई केली, तर गुन्ह्याला त्यानेच साहाय्य केले असे मानून त्यालाही तीच शिक्षा. हे दुसरे. तक्रार विद्यार्थ्यानेच करावी असे नाही, पालक करू शकतात, शिक्षकही करू शकतात. अट एकच, ती लेखी हवी. आपण मात्र सरांना ‘भेटून’ येतो. ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणून सांगून येतो. तोंडी तक्रारीने प्राचार्यावर कायद्याचे कोणतेच ओझे पडत नाही, हे त्यांना माहीत असते, आपल्याला नसते.

२००९ च्या मार्च महिन्यात हिमाचल प्रदेशातल्या टांडा वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वरिष्ठांच्या मारहाणीनंतर मरण पावला. सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या समितीचा अहवाल २००७ सालीच सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. अमनच्या मृत्यूनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले, देशभराची हेल्पलाइन सुरू झाली. अमनचे वडील हा विषय घेऊन वर्षानुवर्षे लढत राहिले. प्रवेशाच्या वेळी मुलाने आणि पालकांनी जे प्रतिज्ञापत्र भरायचे असते, ते त्याच नियमांतून आले. आपण ते इतर पंधरा कागदांबरोबर न वाचता सही करून देतो.

इथे एक आक्षेप मला मान्य केला पाहिजे. गप्प बसण्याचे कारण प्रत्येक वेळी देणगीच असते असे नाही. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जळगावच्या आदिवासी कुटुंबातली ती मुलगी स्वतःच्या गुणवत्तेवर महापालिकेच्या कॉलेजात पोचली होती. तिथे कुणी डोनेशन घेतले नव्हते. जातीवरून छळ होत असल्याचे आपण रुग्णालयात आधीच सांगितले होते, असे कुटुंबाचे म्हणणे होते. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर ॲट्रॉसिटी कायदा आणि रॅगिंगविरोधी कायदा यांखाली गुन्हा दाखल झाला, तो तिच्या मृत्यूनंतर. म्हणजे हात दगडाखाली अडकवायला पैसाच लागतो असे नाही. ज्याच्या सहीवर पुढचे सारे अवलंबून आहे त्याची भीती पुरते, जातीची उतरंड पुरते. पण यातून माझा मुद्दा खोटा ठरत नाही, उलट जड होतो. ज्या मुलांची बाजू स्वच्छ आहे, ज्यांनी काहीच लपवलेले नाही, त्यांनाही आवाज उठवणे एवढे कठीण जाते. मग बाकीच्यांनी पैसे मोजून आपला आवाज आधीच गहाण टाकावा, हे कोणते शहाणपण? आणि चारशे पालक गप्प राहिले की पाचव्या शतकातल्या एकट्या तक्रारदाराचा आवाज वेडाचा ठरतो, हेही विसरू नये.

यावर मला ठरलेले उत्तर मिळते. ‘मग काय, कायदा पाळून पोराला घरी बसवायचं?’ हा प्रश्न टाळता येणार नाही. मेडिकलच्या सरकारी जागा मागणीच्या मानाने फार कमी आहेत. मिरजेचे सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चे. तेव्हापासून लोकसंख्या आणि आकांक्षा कुठच्या कुठे गेल्या. आपल्या मुलीने डॉक्टर व्हावे म्हणून जमीन विकणाऱ्या बापाला गुन्हेगार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो भरडला गेलेला माणूस आहे. मात्र पुष्कळदा माणूस गरज नसताना घाईने त्या वाटेला जातो, हेही मी पाहिले आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या संपायच्या आत मध्यस्थ कानाशी लागतो, ‘नंतर एवढ्यात मिळणार नाही’ म्हणतो, आणि व्यवहार उरकतो. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पण ते केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच. व्यवस्थापन कोट्यात घाईने शिरलेल्या मुलीचा बाप ही सवलतही गमावतो, वर ‘वरचे’ देतो.

सरकारनेही एक दुरुस्ती करावी. १९८७ चा कायदा घेणाऱ्याला शिक्षा सांगतो, पण त्याला पकडून देऊ शकणारा माणूस एकच, देणारा. आणि तो भीतीने गारठलेला असतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली एक तरतूद आली. ज्याला लाच देणे भाग पडले त्याने सात दिवसांत तक्रार केली तर त्याला शिक्षेतून सूट आहे. हीच वाट देणगी दिलेल्या पालकाला दाखवावी. त्याने ठरावीक मुदतीत शुल्क नियामक प्राधिकरणाकडे येऊन सांगावे. त्याच्या मुलाचा प्रवेश रद्द होणार नाही, गुणांवर परिणाम होणार नाही आणि रक्कम परत मिळेल, याची हमी कायद्यातच लिहावी. असे झाले तर पिशवी घेणाऱ्यालाच देणाऱ्याची भीती वाटू लागेल.

तोवर आपल्या हातात काय आहे? चौकशीची यादी बदलणे. कॉलेज पाहायला जाल तेव्हा पॅकेजच्या आधी पाच गोष्टी विचारा. प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्क किती, आणि कॉलेज मागते ते किती? प्रत्येक रुपयाची पावती मिळेल ना? रॅगिंगविरोधी समितीत कोण आहे, त्यांचे फोन नंबर भिंतीवर लावले आहेत का? २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती आहे का, आणि मुलींना ती माहीत आहे का? मूळ प्रमाणपत्रे पाहून परत देणार ना? मग कार्यालयातून बाहेर या आणि खानावळीत बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना हेच प्रश्न विचारा. दोन्हीकडची उत्तरे जुळली तर ते कॉलेज बरे.

आमच्याकडची मंडळी म्हणतील, असे प्रश्न विचारले तर प्रवेश देतील का? कदाचित कपाळाला आठ्या पडतील. पण पावती मागितल्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांच्या ताब्यात आपण अठरा वर्षांचे लेकरू चार-साडेपाच वर्षांसाठी देणार आहोत. त्या आठ्या प्रवेशाच्या आधी दिसल्या तर बरे. त्या वेळी हात मोकळा असतो.